ट्रान्सप्लांट करून सोलापूरला परतताना: रुग्णाला विषाणूंपासून कसं सांभाळायचं

बोन मॅरो ट्रान्सप्लांट (रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी नव्याने देणं) झालेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत जे विषाणू त्रास देतात, त्यातले बरेचसे बाहेरून येतच नाहीत. लहानपणी कधीतरी अंगात शिरून ते गप्प पडून राहिलेले असतात आणि प्रतिकारशक्ती खाली आली की डोकं वर काढतात. घरची माणसं मात्र फरशी तीनदा पुसतात, पडदे धुतात, दाराशी सॅनिटायझर ठेवतात आणि रात्रीची गोळी द्यायला विसरतात. स्वच्छता हवीच. पण आतल्या विषाणूंना फिनाइल लागू पडत नाही, त्यांना गोळी आणि रक्ततपासणीच लागते. हे एकदा पटलं की पुढचं सगळं सोपं जातं.

माझ्या थोरल्या भावाचं ट्रान्सप्लांट पुण्यात झालं, डोनर मी होते. त्यानंतर जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी त्याला सांभाळताना जे शिकले, डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतलं, ते नव्याने या वाटेला लागलेल्या घरांसाठी लिहिते आहे. तुमच्या ट्रान्सप्लांट सेंटरने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं, कारण रुग्ण त्यांनी पाहिलेला असतो.

आधी विचारा, ट्रान्सप्लांट कुठलं?

स्वतःच्याच पेशी काढून परत दिल्या तर ते ऑटोलोगस. मायलोमा आणि काही लिम्फोमा या कर्करोगांमध्ये हे करतात. भावाबहिणीच्या, आईवडिलांच्या किंवा अनोळखी डोनरच्या पेशी दिल्या तर ते अ‍ॅलोजेनिक. ऑटोलोगसमध्ये प्रतिकारशक्ती लवकर सावरते आणि विषाणूंचा धोका बराच कमी असतो. अ‍ॅलोजेनिकमध्ये नव्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करू नये, म्हणजे जीव्हीएचडी होऊ नये, म्हणून टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनसारखी औषधं महिनोन्महिने चालतात. हीच औषधं विषाणूंना मोकळं रान देतात. डोनर अर्धाच जुळणारा असेल (त्याला हॅप्लो म्हणतात), तर आणखी जपावं लागतं. जीव्हीएचडी होऊन स्टेरॉइड सुरू झालं, तर सहा महिने उलटले असले तरी पहिल्या महिन्यांइतकंच सावध राहायचं.

दिवस मोजा

पेशी चढवल्या तो दिवस शून्य. तिथून पुढे तिसावा, शंभरावा असे दिवस डॉक्टर मोजतात, तसेच तुम्हीही मोजा. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या कोपऱ्यात लाल पेनाने आकडा घालून ठेवला होता. कुठल्या काळात कोण येतो, हे साधारण ठरलेलं असतं, म्हणून हा आकडा कामाचा.

पहिला महिना बहुतेक हॉस्पिटलातच जातो. त्यात हर्पीस सिम्प्लेक्स जागा होतो. तोंड येतं, ओठाला फोड येतात, गिळवत नाही. केमोनेही तोंड येतं, त्यामुळे नुसतं बघून नेमकं कारण कळत नाही.

दुसरा आणि तिसरा महिना सीएमव्हीचा, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरसचा. त्याच काळात बीके नावाचा विषाणू मूत्राशयात जागा होऊ शकतो. लघवीला जळजळ होते, लघवी लाल होते, कधी रक्ताच्या गाठी पडून लघवी अडते. हॅप्लोमध्ये हे जास्त दिसतं. अ‍ॅडिनोव्हायरसनेही असंच होतं आणि जुलाबही लागतात. एचएचव्ही-६ हा विषाणू तसा विरळा, पण तो मेंदूवर जातो. माणूस अचानक गोंधळतो, सकाळचं दुपारी आठवत नाही. ‘अशक्तपणामुळे बरळतोय’ म्हणून ते सोडून देऊ नका. ईबीव्ही नावाच्या विषाणूमुळे मानेत, काखेत गाठी येतात आणि ताप हटत नाही. अशी गाठ हाताला लागली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.

शंभर दिवसांनंतर पाळी नागिणीची, म्हणजे अंगात राहिलेल्या कांजिण्यांच्या विषाणूची. सर्दी-फ्लू आणि कोविड मात्र कधीही येऊ शकतात.

गोळी चुकवायची नाही

फाइलमधल्या औषधांच्या यादीत असायक्लोव्हिर शोधा. घरात सगळ्यात जास्त हयगय होते ती हिचीच, कारण ही घेऊन काही बरं वाटल्याचं जाणवत नाही. अंगावर फोड नाहीत, मग कशाला घ्यायची, असं रुग्णच म्हणतो. फोड येऊ नयेत म्हणूनच ती असते. अ‍ॅलोजेनिकनंतर ती साधारण किमान एक वर्ष चालते, इम्युनिटी दाबणारी औषधं चालू असतील तर त्याहूनही जास्त. ऑटोलोगसनंतर सहा महिने ते वर्षभर. बोर्टेझोमिब घेणाऱ्या मायलोमाच्या रुग्णांना तर ती हमखास लागते, कारण त्या औषधाने नागिणीचा धोका वाढतो. गोळीबरोबर पाणी भरपूर प्यायला द्या. आपल्याकडचा एप्रिल-मे लक्षात घ्या, चाळिशीपार ऊन असताना पाणी कमी पडलं की किडनीवर ताण येतो.

काही रुग्णांना सीएमव्ही होऊ नये म्हणून लेटरमोव्हिर देतात. औषध महाग आहे. त्याचा उपयोग फक्त सीएमव्हीवर, हर्पीस आणि नागिणीवर नाही. म्हणून ते सुरू झालं तरी असायक्लोव्हिर बंद करायची नसते.

कावीळ ब आधी होऊन गेली असेल, तर एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर दिलेलं असतं. हे स्वतःच्या मनाने थांबवलं तर विषाणू एकदम उसळून लिव्हर निकामी होऊ शकतं. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी मागवून ठेवा, सगळ्या गोळ्या नाक्यावरच्या दुकानात मिळत नाहीत.

आता नागिणीबद्दल. आपल्या भागात तिच्याबद्दलच्या समजुती पक्क्या आहेत. दादाच्या ट्रान्सप्लांटला वर्ष होत आलं असताना एका संध्याकाळी उजव्या बरगडीखाली पट्ट्यासारखी आग व्हायला लागली. कातडीवर काहीच नव्हतं, शर्टाचा स्पर्श तेवढा सहन होईना. दुसऱ्या दिवशी तिथे चार-पाच पाणीदार फोड दिसले. शेजारच्या मावशी वाटीत गेरू कालवून घेऊनच आल्या. “आगं, तोंड-शेपूट जुळलं तर अवघड हाय बघ. आधी लाव हे.” माया होती, म्हणून त्यांना दुखावलं नाही. वाटी ठेवून घेतली आणि फोडांचा फोटो पुण्याला पाठवला. तासाभरात औषध बदलून आलं.

नागीण दोन्हीकडून जुळून माणूस दगावतो, हे खरं नाही. ती एका नसेच्या पट्ट्यात असते आणि बहुधा अंगाच्या एकाच बाजूला राहते. ट्रान्सप्लांटच्या रुग्णाच्या बाबतीत खरी भीती वेगळी. ती पट्टा सोडून अंगभर पसरू शकते, फुफ्फुसात, लिव्हरमध्ये जाऊ शकते. कधी तर फोडांच्या आधी नुसतं पोट भयंकर दुखतं. डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर दृष्टीवर बेतू शकतं. म्हणून गेरू नको, मंत्र नको, झाडपाला नको. फोड दिसल्याच्या दिवशीच फोन करा.

काढ्यांचंही तेच. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेल, अश्वगंधा घेऊन येणारे भेटतात. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. इथे आधीच दहा औषधं लिव्हरमधून जात असतात. आणि एका औषधाचा दुसऱ्याशी झगडा असतो. खोकल्यासाठी कुणी सहज क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं, तर टॅक्रोलिमसची पातळी धोक्याइतकी वाढू शकते. आमच्या ओळखीच्या एका घरी नेमकं असंच अँटिबायोटिक काउंटरवरून हातात पडलं होतं. नशीब, गोळी घेण्याआधी त्यांनी सेंटरला विचारलं. कुठलीही नवी गोळी, अगदी आम्लपित्ताचीसुद्धा, विचारल्याशिवाय नाही.

सीएमव्हीचं रक्त

भारतात बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांना सीएमव्ही कधीतरी होऊन गेलेला असतो. ट्रान्सप्लांटमध्ये धोका सर्वांत जास्त कधी? रुग्णाच्या अंगात तो आहे आणि डोनरला मात्र तो कधी झालाच नाही, तेव्हा. नव्या पेशी त्याला ओळखतच नाहीत. पुढे तो फुफ्फुस, आतडी, डोळ्याचा पडदा धरतो आणि फुफ्फुस धरल्यावर आवरणं फार कठीण. म्हणून लक्षणांची वाट न बघता अ‍ॅलोजेनिकनंतर शंभराव्या दिवसापर्यंत साधारण दर आठवड्याला रक्ताची पीसीआर, म्हणजे विषाणू मोजणारी तपासणी करतात. विषाणू वाढताना दिसला की आजार होण्याआधीच औषध सुरू. जीव्हीएचडी असेल तर ही तपासणी पुढेही चालते.

सोलापूरला परतल्यावर हीच तपासणी चुकू लागते. तब्येत बरी दिसते, पुणं अडीचशे किलोमीटर, खर्च नको वाटतो. मी कळकळीने सांगते, बाकी कुठलीही काटकसर करा, ही नको. निघायच्या आधीच सेंटरला दोन गोष्टी विचारा: रक्त सोलापुरात काढून पाठवलं तर चालेल का, आणि कुठल्या लॅबकडे? एकदा ठरलेली लॅब बदलू नका. दोन लॅबचे आकडे सरळ जुळत नाहीत आणि डॉक्टर एका आकड्याकडे नाही, आकडे कसे चढतात त्याकडे बघत असतात. प्रत्येक रिपोर्टचा फोटो त्याच दिवशी पाठवा. शनिवारी आलेला रिपोर्ट सोमवारपर्यंत पिशवीत राहू देऊ नका.

त्याच रक्तात टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनची पातळी बघायची असेल, तर सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यावं लागतं. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जात असाल तर घरून निघताना ती गोळी देऊ नका. वेगळ्या डबीत घालून बरोबर न्या आणि रक्त दिल्या दिल्या द्या. शक्य असेल तर गाडी करून जा. ट्रेननेच जायचं तर एन-९५ मास्क पूर्ण वेळ नाकावर.

सीएमव्ही निघाला तर घाबरून जाऊ नका, तो बऱ्याच जणांना निघतो. व्हॅलगॅनसायक्लोव्हिरच्या गोळ्या देतात, त्या जेवणाबरोबर घ्यायच्या, तोडायच्या किंवा कुटायच्या नाहीत. घरातल्या गरोदर बाईने त्या हाताळूच नयेत. किंवा गॅनसायक्लोव्हिरची इंजेक्शनं देतात. दोन्हींनी पांढऱ्या पेशी खाली येतात, म्हणून रक्तपेशींचे काउंट्स वरचेवर बघतात. फॉस्कारनेट दिलं तर लक्ष किडनीवर आणि रक्तातल्या क्षारांवर. औषध सुरू झाल्यावर पहिले एक-दोन आठवडे विषाणूचा आकडा आणखी वर गेलेला दिसू शकतो. औषध लागू पडत नाही असा अर्थ लगेच काढू नका.

ताप आला तर

१००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस. हा आकडा फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा. तासभर ताप त्याच्यावर राहिला, किंवा एकदाच जरी १०१ दिसला, तर फोन करायचाच, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. आधी थर्मामीटर, मग फोन, त्यांनी सांगितलं तरच पॅरासिटामॉल. आधीच गोळी दिली तर ताप झाकला जातो आणि आत जे चाललंय ते चालूच राहतं. स्टेरॉइड चालू असेल तर ताप कदाचित येणारही नाही. थंडी वाजणं, धाप, एकदम गळाठून जाणं यालाही तापाइतकंच गंभीर समजा. ‘नुसती कणकण आहे, सकाळी बघू’ म्हणत अंगावर काढू नका.

हा ताप विषाणूचाच असेल असं नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना जिवाणूंचा संसर्ग काही तासांत जीव घेऊ शकतो, म्हणून अशा वेळी अँटिबायोटिकचा पहिला डोस हॉस्पिटलला पोहोचल्यापासून तासाभरात मिळायला हवा. सोलापूरहून पुण्याला पोहोचायला चार-पाच तास लागतात. तापात तसेच गाडीत बसून निघण्याआधी विचारा: पहिला डोस इथे घेऊन निघायचं का? यासाठी तब्येत चांगली असतानाच सोलापुरातलं एक हॉस्पिटल ठरवून ठेवा. तिथल्या फिजिशियनना फाइल दाखवून या. ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांकडून एका पानाचं पत्र घ्या: कुठला आजार, कुठलं ट्रान्सप्लांट, कुठली औषधं, तापात काय द्यायचं, कुणाला फोन करायचा. ते प्लॅस्टिकच्या पाकिटात फाइलच्या अगदी वर ठेवा. आणि इथे रक्त किंवा प्लेटलेट चढवायची वेळ आली तर ‘इरॅडिएटेड पाहिजे, पेशंटचं ट्रान्सप्लांट झालंय’ हे तुम्ही स्वतः सांगा. इरॅडिएटेड म्हणजे किरणं देऊन त्यातल्या पांढऱ्या पेशी निकामी केलेलं. साध्या रक्तातल्या जिवंत पांढऱ्या पेशी अशा रुग्णावर उलटू शकतात.

सर्दी झाली तरी कळवा. तुमच्या-माझ्या नाकातच थांबणारा आरएसव्ही किंवा पॅराइन्फ्लुएन्झा या रुग्णात छातीत उतरतो. फ्लूवरचं ओसेल्टामिव्हिर पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर त्याचा गुण जास्त. घरात पल्स ऑक्सिमीटर ठेवा. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेलं तर वाट पाहू नका.

आपल्या गावचं पाणी आणि डास

सोलापुरात कित्येक भागांत नळाला रोज पाणी येत नाही, मधे काही दिवस जातात. म्हणून घरोघरी हौद, पिंप, टाक्या, रांजण भरलेले. साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा एडिस डास वाढतो आणि चावतो दिवसा. ज्याच्या प्लेटलेट आधीच कमी, त्याला डेंग्यू परवडणारा नाही. प्रत्येक भांड्याला घट्ट झाकण, नसेल तर जुनं धोतर ताणून बांधा. आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून तळ आणि कडा घासून कोरड्या करा. अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. कूलरची टाकी आणि फ्रिजमागचा ट्रे विसरू नका. रुग्णाला दुपारच्या झोपेतही मच्छरदाणी लावा. कॉइल नको, धूर फुफ्फुसाला वाईट. ताप आला आणि डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक काही द्यायचं नाही.

पिण्याचं पाणी खळखळून उकळलेलं. पावसाळ्यात पाण्यातून कावीळ आणि जुलाबाचे विषाणू येतात. जुलाबाच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. हुरड्याला शेतावर जाणं या वर्षी राहू द्या. शेंगांच्या चटणीबद्दल प्रत्येक घरात विचारतात. तिथे धास्ती विषाणूची नसून बुरशीची आहे, म्हणून बाहेरची विकत आणलेली बंद. ताज्या भाजलेल्या शेंगांची घरी केलेली चालेल का, आणि कधीपासून, ते सेंटरला विचारा.

भेटायला येणारी माणसं

हे सगळ्यात अवघड काम. आजारी माणसाला भेटायला न जाणं आपल्याकडे वाईट दिसतं. अक्कलकोटहून मामा येणार, पंढरपूरची आत्या प्रसाद घेऊन येणार. ‘नको’ म्हणायचं काम रुग्णावर टाकू नका. घरातल्या एकाने ते अंगावर घ्यावं, आमच्याकडे ते वहिनीने घेतलं. “मामा, दादांना डॉक्टरांनी माणसं बंद केलीत. व्हिडिओ कॉल लावून देते, पोटभर बोला.” डॉक्टरांचं नाव घेतलं की कुणी रागवत नाही. जवळचंच कुणी आलं तर ओट्यावर किंवा गच्चीवर, मास्क लावून, थोडा वेळ. नाक वाहत असेल, ताप असेल, घरात कुणाला कांजिण्या असतील तर येऊच नये.

जानेवारीतल्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेची गर्दी फ्लूच्या हंगामातच येते, दुसरी लाट पावसाळ्यात आणि त्यानंतर. यात्रा, लग्नं, आषाढीची पंढरपूरची गर्दी, सगळं निदान पहिलं वर्ष टाळायचं. गड्ड्यातली नंदीध्वजांची मिरवणूक टीव्हीवर बघता येते.

कांजिण्या झालेल्या मुलाचा संपर्क आला असं कळलं, तर त्याच दिवशी फोन करा. फोड यायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते मूल संसर्ग देत असतं आणि संपर्कानंतर द्यायचं औषध वेळेतच द्यावं लागतं.

लसी, घरच्यांच्या आणि रुग्णाच्या

घरातल्या प्रत्येकाने दरवर्षी फ्लूची इंजेक्शनची लस घ्यावी. रुग्णाभोवतीचं हे सगळ्यात स्वस्त कुंपण. घरात लहान बाळ असेल तर त्याच्या लसी थांबवायच्या नाहीत, पण पोलिओचे आणि रोटाव्हायरसचे थेंब जिवंत विषाणूंचे असतात आणि ते शीतून बाहेर पडतात. पल्स पोलिओच्या आधी बालरोगतज्ज्ञांना घरात ट्रान्सप्लांटचा रुग्ण आहे हे सांगा. थेंब दिलेच तर चार ते सहा आठवडे त्या बाळाचे लंगोट रुग्णाने हाताळायचे नाहीत आणि बाळाला जवळही घ्यायचं नाही.

लहानपणी घेतलेल्या लसींचं संरक्षण ट्रान्सप्लांटनंतर बरंचसं पुसलं जातं, म्हणून रुग्णाला लसी पहिल्यापासून घ्याव्या लागतात. न्यूमोकोकलची साधारण तीन ते सहा महिन्यांनी, फ्लूची सहा महिन्यांनी (साथ असेल तर डॉक्टर आधीही देतात), धनुर्वात, घटसर्प, कावीळ ब यांच्या त्यानंतर. नागिणीची जिवंत नसलेली लस २०२३ पासून भारतात मिळते, ती कधी घ्यायची ते विचारून ठेवा. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची असते. दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय, जीव्हीएचडी नाही आणि इम्युनिटी दाबणारी औषधं बंद आहेत याची खात्री झाल्याशिवाय ती द्यायची नाही. लसीकरण केंद्रावरच्या सिस्टरना हे माहीत असेलच असं धरून चालू नका. लसींचं वेळापत्रक सेंटरकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या आणि तापासाठी घेतलेल्या त्या एका पानाच्या पत्रामागेच फाइलला लावा.